बुरकुंडाच्या धुरातलं मटण दर वेळी कडू होतंय? आधी धुराडं उघडा

मक्याची मळणी झाली की आमच्या शेडच्या कडेला बुरकुंडांचा ढीग पडतो. बुरकुंड म्हणजे दाणे निघाल्यावर कणसाचा उरलेला गाभा. कुणी त्याला बिट्टी म्हणतं. तासगाव आणि कवठेमहांकाळच्या मधल्या आमच्या पट्ट्यात त्याचा ठरलेला उपयोग एकच, न्हाणीचा बंब. मी त्यावर मटण आणि कोंबडी धुरावायला लागलो आणि लागोपाठ सहा वेळा तोंडघशी पडलो. दर वेळी तेच व्हायचं. बाहेरून काळं चकचकीत, वास झकास, आणि पहिला घास घेतला की कडू. तिसऱ्या वेळी आमच्या दाजींनी घास तोंडात घोळवला, थोडा वेळ भिडेखातर गप्प बसले आणि मग न राहवून म्हणाले, "पाव्हणं, ह्ये मटण हाय का मिश्री?"

दाजींचं बरोबर होतं. जीभ कडू तर होतच होती, वर बधिरही होत होती. ही बधिरता लक्षात ठेवा, कारण निदान तिथूनच सुरू होतं.

आपल्याकडे मटण कडू झालं की पहिला संशय मसाल्यावर जातो. माझाही गेला. कांदा-लसूण मसाला करपला की कडू होतोच, पण ते कडू वेगळं. ते वरच्या पापुद्र्यापुरतं असतं, सुरीने खरवडलं की आतलं मांस चांगलं लागतं, आणि घशात ठसका येतो. धुराचं कडू चरबीत मुरतं. खरवडून जात नाही, जिभेच्या टोकाला मुंग्या आणतं आणि नंतर चहा प्यायलात तरी मागे राहतं. खात्री करायची असेल तर एकदा फक्त मीठ लावून कोंबडीची एक तंगडी टांगा. मी चौथ्या वेळी तेच केलं. मसाला नव्हता, कडवटपणा जसाच्या तसा होता. म्हणजे चोर विस्तवात होता.

दुसरी परीक्षा ताटाची. मांस टांगायच्या आधी, धूर चालू असताना, धुराड्याच्या तोंडावर स्टीलचं थंड ताट पाच मिनिटं धरा. ताटावर हलका पिवळसर डाग आला तर ठीक. तपकिरी, बोटाला चिकटणारा, डांबरासारख्या वासाचा थर आला तर त्या धुरात मांस घालू नका. जे ताटावर बसलं तेच मांसावर बसणार आहे, कारण मांसही सुरुवातीला थंड आणि ओलसर असतं.

आता मुख्य चूक. माझं यंत्र म्हणजे गोड्या तेलाचं दोनशे लिटरचं जुनं पिंप, आत मोठा जाळ करून पूर्ण जाळून घासलेलं. खाली हवेला झडप, वर झाकणात धुराडं, मधे सळया. मी काय करायचो, तर बुरकुंडं पेटली आणि धूर निघू लागला की धुराडं बंद. धूर आत कोंडला की मांसात जास्त मुरेल, असा सरळ हिशेब. बेदाण्याच्या शेडला गंधकाची धुरी देताना आपण ताडपत्री आवळून बांधतोच ना, तसं. पण तिथे एकच वायू हवा असतो आणि तो टिकवायचा असतो. इथे धुरात शंभर गोष्टी असतात, आणि त्यातल्या चांगल्या मांसाला शिवून निघून जायला हव्यात. कोंडलेला धूर थंड होतो, त्यातलं डांबर गोठतं आणि मिळेल त्या पृष्ठभागावर बसतं. शिवाय वर बंद केलं की खालून हवा ओढली जात नाही, विस्तव गुदमरतो आणि आणखी घाण धूर सोडतो. म्हणजे मी एका हाताने रोग वाढवत होतो आणि दुसऱ्या हाताने बुरकुंडं.

नियम असा: धुराडं कायम पूर्ण उघडं. आच कमी-जास्त करायची ती खालच्या झडपेने. धूर बाहेर जाताना वाया जातोय असं वाटतं, मन खातं, तरी हात लावायचा नाही. बाहेर पडणारा धूर विरळ, निळसर, मागचं झाड त्यातून दिसेल इतका हवा. पांढरा, दाट, ढगासारखा लोळ येत असेल तर काहीतरी बिघडलंय. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं तो येतोच, म्हणून मांस तेव्हा आत नको.

धुराडं उघडल्यावर माझा निम्मा कडवटपणा गेला. उरलेला निम्मा बुरकुंडाच्या स्वभावामुळे होता, आणि तो समजायला मला जास्त वेळ लागला.

बंबात आपण बुरकुंडं का घालतो? कारण ती भसकन पेटतात आणि पाणी पटकन तापतं. वजनाला वजन धरलं तर वाळक्या बुरकुंडात लाकडाएवढीच उष्णता असते, किलोमागे साधारण १६ ते १८ मेगाज्यूल. पण ते वजनच नसतं. माझ्या काट्यावर दहा वाळकी बुरकुंडं २०० ते २५० ग्रॅम भरली. तेवढ्या जागेत बाभळीचं लाकूड त्याच्या कितीतरी पट भरेल. वरून बुरकुंडाला दाण्यांच्या खोबणीतला हलका भुसकट कोंडा चिकटलेला असतो, तो कागदासारखा पेट घेतो. आत मऊ भेंड, त्याभोवती कठीण कडं. काम करतं ते हे कडं. कोंडा भडका देतो, भेंड ओल धरतं.

त्यामुळे फक्त बुरकुंडांवर तीन तासांचं काम करायला गेलात तर हे होतं: दहा मिनिटं जाळ, दहा मिनिटं चांगला विस्तव, मग राख. पुन्हा मूठभर टाका, पुन्हा पांढरा लोळ, पुन्हा भडका. तीन तासांत आठ-नऊ वेळा आपण नव्याने चूल पेटवत असतो, आणि प्रत्येक पेटवणीचा घाण धूर मांसावर चढतो. मी एका दुपारी अख्खी पाटी रिकामी केली आणि पिंपाच्या थर्मामीटरचा काटा एकदा ९० अंशांवर, एकदा १८० वर. ते मटण कुत्र्यानेही हुंगून सोडलं.

यावर इलाज म्हणजे उष्णता आणि धूर यांचं काम वाटून देणं. उष्णता बाभळीच्या कोळशाची, जो इस्त्रीवाले वापरतात तोच. कोळसा बाहेर शेगडीत पेटवायचा, वर पांढरी राख धरली की पिंपात एका बाजूला ओतायचा. बुरकुंडं कोळशावर टाकायची नाहीत, कडेला टेकवायची, म्हणजे एका टोकाने हळूहळू धुमसतील. एका वेळी दोन अर्धुकं पुरे, दर वीस-पंचवीस मिनिटांनी पुढची दोन. सव्वा किलोची कोंबडी मधून उभी चिरून, १२० ते १३० अंश सेल्सिअसला मला अडीच तास लागतात. त्यात धूर पहिला दीड तासच देतो, चार-पाच बुरकुंडांत भागतं. नंतर मांसावर कोरडी साल धरते आणि ते धूर फारसा घेत नाही, मग उगाच काजळी चढवायची कशाला.

ज्यांना कोळसा नको, बुरकुंडंच जाळायची आहेत, त्यांनी बाजूला वेगळी चूल मांडावी. तिथे ती जाळून इंगळ झाले की फावड्याने पिंपात सरकवायचे. चव चांगली येते. पण इंगळ हलके, लवकर विझतात, दर पंधरा मिनिटांनी उठावं लागतं आणि एक माणूस तिथेच अडकतो. मला ते एकदाच जमलं, तेही पुतण्या सुट्टीला आला होता म्हणून.

आणखी एक गोष्ट, जी मला आधी कळली असती तर निम्मी मेहनत वाचली असती. बुरकुंडाचा धूर मुळातच सौम्य असतो. धुराचा जो ओळखीचा वास आपल्याला आवडतो, तो मुख्यतः लाकडातलं लिग्निन तापून फुटल्यावर निघणाऱ्या ग्वायकॉल, सिरिंगॉल अशा द्रव्यांचा. बुरकुंडात लिग्निन कमी, साधारण १५ टक्के. सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज मात्र भरपूर, दोन्ही मिळून तीन चतुर्थांशाच्या आसपास. यातलं हेमिसेल्युलोज सगळ्यात आधी, दोनशे अंशांच्या पुढेच फुटू लागतं आणि ॲसिटिक आम्ल, फुरफुरल असले आंबट-गोडसर वासाचे पदार्थ देतं. कारखान्यांत फुरफुरल काढतात तेही बऱ्याचदा बुरकुंडापासूनच. म्हणून हा धूर हलका, किंचित गोड. बाभळीच्या धुराचा दणका त्यात येणार नाही. तो यावा म्हणून आपण बुरकुंडं वाढवतो, आणि चव न वाढता डांबर वाढतं. अमेरिकेत व्हरमाँट राज्यात डुकराच्या मांडीचा हॅम बुरकुंडाच्या धुरावर करायची जुनी रीत आहे, तिथेही तो याच सौम्यपणासाठी आवडतो. दणका हवा असेल तर सरळ बाभूळ वापरा, बुरकुंडाला दोष देऊ नका.

ओलीचं काय? पावसाळ्यात हा प्रश्न हमखास. बुरकुंड हवेतली ओल स्पंजासारखं पितं. मेमध्ये कटकन मोडणारं तेच बुरकुंड जुलैत वाकतं. परीक्षा सोपी: मोडून बघा. आवाज करून तुटलं आणि भेंड भुसभुशीत कोरडं असेल तर चालेल. रबरासारखं दबत असेल तर नाही. शंका असेल तर किलोभर मोजून दोन दिवस कडक उन्हात टाका आणि पुन्हा मोजा. शंभर ग्रॅमच्या वर घट आली तर अख्खा ढीग वाळवायचा आहे. ऊन नसेल तर वापरायच्या आधी अर्धा तास पिंपाच्या गरम झाकणावर ठेवा. मी तर आता प्रत्येक बुरकुंड चिमट्यात धरून शेगडीवर क्षणभर फिरवतो. कोंडा जळून जातो, वरची ओल जाते, मग ते आत गेल्यावर भडकत नाही. घाई असेल तर पोत्यात भरून चार वेळा आपटा, निम्मा कोंडा तिथेच गळतो.

"लाकडाचे तुकडे पाण्यात भिजवून टाका, जास्त धूर येतो" हा सल्ला व्हिडिओंमध्ये फार फिरतो. मी पाचव्या वेळी तो मानला. रात्रभर भिजवलेली बुरकुंडं दुप्पट जड झाली आणि कोळशावर ठेवल्यावर अर्धा तास नुसती वाफ सोडत राहिली. विस्तव थंड पडला, पिंपाच्या आतल्या बाजूने काळे ओघळ आले, आणि ते थेंब झाकणावरून मटणावर पडले. सहा वेळांतली सगळ्यात वाईट चव ती.

बुरशीच्या बाबतीत मी वाद घालत नाही. हिरवट, काळपट किंवा गुलाबी बुरशी दिसली, कुबट वास आला, की ते बुरकुंड बंबातसुद्धा घालू नये, धुरीत तर नाहीच. मक्यावर ॲस्परजिलस आणि फ्युजेरियम या बुरश्या येतात, त्या विषारी द्रव्यं करतात, आणि धुमसणाऱ्या विस्तवात ती सगळी नष्ट होतील याचा भरवसा धरू नये. ढिगाच्या तळातली, जमिनीला टेकलेली बुरकुंडं आधी बघा. धान्याला कीड लागू नये म्हणून ज्या खोलीत गोळ्या ठेवल्या होत्या तिथलीही नकोत. पिंपाचंही तेच: औषध-फवारणीचं, रसायनाचं किंवा जस्ताचा मुलामा दिलेलं पिंप कितीही धुतलं तरी नको.

विस्तव सुधारूनही मांसावर काळे ओघळ येत असतील तर आता मांसाकडे वळा. आपली सवय म्हणजे दही, तेल, आलं-लसूण, हळद असं दाट वाटण चोपडायचं. तंदुरी भट्टीत ते चालतं, तिथे आच जबरदस्त असते. इथे ते ओलं गारा होऊन धुरातलं डांबर पकडतं. मी आता आदल्या रात्री किलोला १५ ते १८ ग्रॅम मीठ, थोडी हळद आणि वाटलेला लसूण चोळून फ्रिजमध्ये ठेवतो. सकाळी पुसून कोरडं करतो आणि पुन्हा तासभर फ्रिजमध्येच उघडं ठेवतो. बोट लावलं की किंचित चिकटावं, ओलं लागू नये. चान्या, म्हणजे मांसाच्या पट्ट्या, वाळवायला घालतात तेव्हा पहिल्या उन्हात मांसाला जी हाताला कळणारी साल येते, तेवढीच. मसाला धुरी संपल्यावर, शेवटच्या अर्ध्या तासात तूप किंवा तेलात कालवून लावायचा. करपतही नाही आणि कांदा-लसूण मसाल्याचा वासही राहतो.

चरबी थेट निखाऱ्यावर गळत असेल तर तोही वेगळाच काळेपणा. माडग्याळ मेंढीचं चरबीदार मटण असेल तर हे नक्की होणार. गळलेली चरबी पेटते, काजळी उडते आणि त्यातून बेंझोपायरीनसारखी घातक द्रव्यं मांसावर बसतात. युरोपात धुरावलेल्या मांसात त्याची मर्यादा २०१४ पासून किलोला २ मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे. निखारे एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला, आणि मांसाखाली पाणी घातलेली परात. परातीमुळे बुरकुंडाची हलकी राखही मांसावर उडत नाही. ही राख फार उडते, त्यामुळे झाकण दणकन उघडू नका. दणकन उघडल्याचा दुसरा तोटा म्हणजे आत साचलेल्या वायूला एकदम हवा मिळते आणि भडका उठतो. माझी डावी भुवई उगवायला दोन महिने लागले. आधी बोटभर फट, दहा आकडे मोजा, चेहरा बाजूला, मग झाकण.

एवढं करून मांस कडू नाही झालं तर पुढची तक्रार घरातून येते: "आतून गुलाबी आहे, कच्चं आहे." वहिनींनी एकदा अख्खी कोंबडी परत कुकरला लावली होती. धुरातल्या नायट्रोजनच्या वायूंमुळे कातडीखाली गुलाबी कडा येते, मांस पूर्ण शिजलं तरी ती जात नाही. उलट आतून पांढरं दिसणारं मांस हाडाजवळ कच्चं असू शकतं. रंगावरून ठरवू नका. पाच-सहाशे रुपयांचा टोचायचा थर्मामीटर घ्या. कोंबडी मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता, ७४ अंश झालीच पाहिजे. बोकडाची रान, म्हणजे मांडी, मी मऊ व्हावी म्हणून ९० च्या आसपास नेतो. मधे ६५ ते ७० ला काटा तास-दीड तास अडून बसतो, तेव्हा बुरकुंडं कोंबायचा मोह होतो. करू नका. मांसातलं पाणी बाहेर येऊन उडत असतं आणि त्यानेच ते थंड राहतं, घामासारखं. हवं तर केळीच्या पानात आणि वरून फॉइलमध्ये गुंडाळा, काटा हलतो.

आणि एक, यात मी कुणाचं ऐकणार नाही. असं धुरावलेलं मांस टिकाऊ नसतं. व्हरमाँटचा हॅम टिकतो तो आधी मुरवलेल्या मीठ-नायट्राइटमुळे (नायट्राइट म्हणजे मांस टिकवायचा क्षार), धूर त्याच्या वरचा. आपलं मटण चवीपुरत्या मिठाचं. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा धुराचा वास येतोय म्हणून ते दिवसभर शिंकाळ्यावर ठेवायचं नाही. उरलेलं दोन तासांच्या आत, अशा उन्हाळ्यात तर तासाभरातच, फ्रिजमध्ये, आणि तीन-चार दिवसांत संपवायचं. थंड धुराचे प्रयोग, म्हणजे तीस-चाळीस अंशांवर दिवसभर धूर देणं, नायट्राइटचं मोजमाप कळल्याशिवाय घरी करू नयेत. ऊबदार, ओलसर आणि हवा कमी, बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूला याहून चांगली जागा मिळणार नाही.

माझा सातवा प्रयत्न दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत झाला. ताज्या मळणीची बुरकुंडं मी मुद्दाम घेतली नाहीत, ती आतून अजून दमट असतात. मागच्या उन्हाळ्यातली माळ्यावरची घेतली. धुराडं उघडं, कोळसा कडेला, कोंबडीला फक्त मीठ-हळद-लसूण. ताटावर फिकट पिवळा डाग आला तेव्हाच कोंबडी आत टांगली. दाजींना पुन्हा बोलावलं होतं. त्यांनी तंगडी उचलली, वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि आधी अर्धा तांब्या पाणी जवळ ओढून ठेवलं. पाण्याला हात लागला तो जेवण झाल्यावरच. पिंपातली राख दुसऱ्या दिवशी आईने वांग्याच्या वाफ्यात टाकली.

रान मात्र पावसाळ्यात अजून मनासारखी उतरत नाही. जुलैच्या हवेत मांसाची साल धरायला तीन-तीन तास लागतात. सध्या फ्रिजमध्ये रात्रभर उघडी ठेवून बघतोय, आणि बुरकुंडं बंबाच्या मागच्या उबेला पोत्यात टांगलीत.